उत्तर उद्या फळ्यावर

आमच्या डोंबिवलीच्या त्या गल्लीत काही जुनी माणसं अजून एक वाक्य वापरतात. ‘मुलाचं लग्न कधी करताय?’ असं कुणी नको तेव्हा विचारलं, की ती म्हणतात, ‘उद्या फळ्यावर!’ म्हणजे आत्ता काही सांगणार नाही. नव्या बिल्डिंगांमध्ये राहायला आलेल्यांना त्याचा अर्थ लागत नाही. कुठला फळा? कसलं उद्या?

तो फळा माझा. खरं तर वाचनालयाचा, आणि कल्पना आमच्या ग्रंथपाल लिमयेबाईंची. पण त्यावरचं अक्षर माझं होतं, म्हणून मी माझा म्हणते. मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. आप्पा चिपळूणकडून आले आणि रंगाच्या कारखान्यात लागले. कारखान्यात जो रंग चालू असेल तो त्यांच्या टाचांच्या भेगांत दिसायचा. आई पायांकडे बघून म्हणायची, ‘आज निळा वाटतं.’ अशा घरातली मुलगी वाचनालयात नोकरीला लागली आणि लोक तिला येऊन विचारू लागले, ‘ताई, हे असं का हो होतं?’ त्याचा मला जो माज होता तो मी लपवला नाही.

काम काय होतं ते सांगते. वाचनालयाच्या फाटकाशी, पत्र्याच्या छपराखाली, काळा फळा. डोंबिवलीत नाक्यानाक्यावर फलक असायचे. कुणाचा सत्कार, कुणाचं निधन, उद्या पाणी येणार नाही. आमच्या फळ्यावर बातमी नसायची. डावीकडे ‘प्रश्न’, उजवीकडे ‘उत्तर’. लोक काउंटरवर येऊन तोंडी प्रश्न विचारायचे. त्यातला एक बाई निवडायच्या, आणि संध्याकाळी मी तो डावीकडे लिहायची. उजवी बाजू कोरी. सकाळी दार उघडलं की उत्तर. ते दिवसभर राहणार, संध्याकाळी दोन्ही पुसून नवा प्रश्न. कितीही छान जमलेलं असो, दुसऱ्या दिवशी ठेवायचं नाही. बाई म्हणायच्या, ‘शिळं उत्तर आणि शिळी भजी, दोन्हींनी त्रास होतो.’

उत्तर किती मोठं हवं? त्याला बाईंचा पिशवीचा नियम. भाजीची पिशवी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, पिशवी खाली न ठेवता, वाचून समजलं पाहिजे. पिशवी खाली ठेवावी लागली तर उत्तर लांबलं. मी पहिल्या पहिल्यांदा कॉलेजातली भाषा लिहायची, ‘पृष्ठताण’ वगैरे. बाई फळ्यासमोर उभ्या राहायच्या आणि हातातली पर्स हळूच जमिनीवर ठेवायच्या. मी मुकाट्याने फडकं उचलायची.

खडू पाण्यात बुडवून लिहावा लागतो. लिहिताना अक्षर फिकट दिसतं, वाळलं की ठसठशीत उमटतं, आणि कुणाच्या खांद्याने पुसलं जात नाही. उत्तरं शोधायला कोश होते, जाडजूड. पण खरं सांगायचं तर शाळेची पाठ्यपुस्तकं सर्वांत उपयोगी पडली. आणि शोधूनही सापडलं नाही तर उजवीकडे ‘आम्हाला माहीत नाही’ असं लिहायचं, त्याच ठसठशीत अक्षरात. ते लिहिताना माझा हात जड व्हायचा. बाईंना त्याचं काहीच वाटायचं नाही.

प्रश्न कसले कसले! सरकार नोटा छापून सगळ्यांना वाटत का नाही? मी लिहिलं, ‘नोटा दुप्पट झाल्या तरी मेथीच्या जुड्या तेवढ्याच राहतात. मग जुडीच दुप्पट भावाने विकली जाते.’ फाटकासमोर बसणारी भाजीवाली शांताबाई कुणाकडून तरी ते वाचून घेऊन माझ्यावर धावून आली. ‘ओ ताई, माझी जुडी कशाला मधी घेतली? दोन गिऱ्हाइकं आत्ताच विचारून गेली, भाव वाढवला काय म्हणून!’

एकदा एक बाई काडेपेटी घेऊन आल्या. आत पालीची तुटलेली शेपटी. ‘ताई, पाल गेली पळून. ही इकडे वळवळतेय. मग जीव कुठंय?’ शेपटीतल्या शेपटीत नसा काही वेळ आपलं काम करत राहतात आणि मांजर वळवळीकडे बघत बसतं, तेवढ्यात पाल निसटते, असं मी लिहिलं. जीव कुठे असतो ते लिहिलं नाही. तिथे पिशवी खाली ठेवावी लागली असती.

आणि एक भांडण. एकदा उत्तर फारच लांबलं, बाई रजेवर होत्या, म्हणून मी ‘उत्तर’ लिहून पुढे बाण काढला आणि उरलेला मजकूर बाजूच्या भिंतीवर कागद चिकटवून लिहिला. चार दिवसांनी समोरच्या इमारतीत नव्याने राहायला आलेले एक गृहस्थ तावातावाने आले. ‘मॅडम, तुमचं उत्तर चुकलेलं आहे!’ मी विचारलं, ‘कुठलं?’ ते म्हणाले, ‘कुठलं म्हणजे? उत्तर एकच असते! तुम्ही बाण दाखवलात, मी त्याप्रमाणे देवघर बसवलं. आता गुरुजी आले, ते म्हणतात, ही पश्चिम आहे!’ बाईंनी रजेवरून आल्यावर हे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘सुनंदा, अगं, देवांनासुद्धा फिरवलंस की!’

सगळंच हसण्यावारी गेलं असं नाही. आमच्याकडे थंडीच्या दिवसांत सकाळी कारखान्यांचा वास खाली उतरतो. डोळे चुरचुरतात. पुष्कळ जणांनी विचारलं, थंडीतच का? मी लिहिलं, ‘थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते. तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. वास वर जाऊ शकत नाही. ऊन चढलं की झाकण निघतं.’ दुपारी कार्यकारिणीतले एक सभासद आले. त्यांचा स्वतःचा छोटा कारखाना होता. फार सौम्यपणे म्हणाले, ‘मॅडम, उत्तर उत्तम. फक्त वास हा शब्द... गंध लिहिता येईल का?’

लिमयेबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘गंध कपाळाला लावतात.’

ते गेले. पण संध्याकाळपर्यंत कुणीतरी माझ्या उत्तराखाली वाकड्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘झाकण कळलं. भांडं कुणाचं तेही लिहा.’ मी पुसायला गेले तर बाई म्हणाल्या, ‘पुसायची वेळ झालेली नाही.’ घरी आप्पांना सगळं कळलेलं होतंच. जेवताना म्हणाले, ‘बरं लिवलंस. माज्या कंपनीचं नाव नाय ना टाकलंस?’ मी नाही म्हटल्यावर भात कालवत राहिले. मग म्हणाले, ‘वास हायच की पण.’

आता मोकाशी काका.

काका खोपटच्या एसटी आगारात होते, चौकशीच्या खिडकीत. रिटायर झाल्यावर डोंबिवलीत मुलाने घेतलेल्या जागेत आले. मुलगा नंतर परदेशी गेला, हे दोघं राहिले. रोज सकाळी हात मागे बांधून फळ्यासमोर उभे. उत्तर एकदा वाचायचे, डोळे मिटून ओठ हलवायचे, पुन्हा डोळे उघडून पडताळायचे. लिहून कधी घेतलं नाही. संध्याकाळी पुन्हा हजर, नवा प्रश्न बघायला. आणि आठवड्यातून एकदा तरी काउंटरवर येऊन, घसा साफ करून म्हणायचे, ‘सुनंदाताई, आमच्या हिचा एक प्रश्न आहे.’

नेहमी हिचा. ‘ही विचारत होती, दूध उतू जातं, पाणी का नाही जात?’ ‘हिचं म्हणणं, आपण चालतो तसा चंद्र बरोबर का चालतो?’ ‘हिला कळत नाही, अळवाच्या पानावर पाणी ठरत का नाही?’

इतके सुरेख प्रश्न दुसऱ्या कुणाचे नसायचे. मी मनातल्या मनात मोकाशी काकूंचं चित्र रंगवलेलं. उंच, तरतरीत, बहुतेक निवृत्त शिक्षिका. बाई तर म्हणायच्या, ‘या बाईला एकदा भेटायचंय मला. नवऱ्याला निरोप्या करून ठेवलाय, स्वतः येत नाही.’ मी एकदा काकांना म्हटलं, ‘काकूंना घेऊन या ना.’ ते म्हणाले, ‘गुडघे. तिसरा मजला, लिफ्ट नाही.’ आणि लगेच फळ्याकडे वळले.

एकदा मी त्यांना विचारलं, ‘काका, तुम्हाला स्वतःला काही विचारावंसं वाटत नाही का हो?’

‘मी?’ ते हसले. ‘मी खिडकीच्या आतला माणूस. आयुष्यभर लोकांनी मला विचारलं, गाडी कधी लागणार. आतल्या माणसाने विचारायचं नसतं, सांगायचं असतं.’

त्यांचा शेवटचा प्रश्न मला शब्दशः आठवतो. ‘ही म्हणते, चहाला पाणी ठेवलं की उकळायच्या आधी पातेलं सूंऽऽ करून गातं. आणि उकळायला लागलं की गाणं बसतं. असं का?’ बाई इतक्या खूश झाल्या की त्याच संध्याकाळी तो डावीकडे लिहायला लावला. काका आले, प्रश्न वाचला, मान डोलावली आणि गेले. सकाळी मी उत्तर लिहिलं. चांगलं जमलं होतं, बाईंनी पर्स खाली ठेवली नाही. काका आले नाहीत. संध्याकाळी मी फळा पुसला. तेव्हाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या दुसऱ्या फलकावर त्यांचं नाव होतं.

महिन्याभराने एक ठेंगणी, सावळी बाई कठड्याला धरत धरत वाचनालयात आली. काकांच्या नावावरचं पुस्तक परत करायला. पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

‘सुनंदाताई तुम्हीच का? मला रोज कोडं घालणाऱ्या?’

मला काही कळेना. मी म्हटलं, ‘मी कुठे? काकू, प्रश्न तर तुम्ही पाठवायचात. काका म्हणायचे ना, आमच्या हिचा प्रश्न आहे.’

‘माझा?’ काकू खुर्चीवर बसल्या. ‘अहो, मी सातवी. मला कसले प्रश्न सुचतायत! ते रोज संध्याकाळी यायचे आणि चपला काढायच्या आत म्हणायचे, सुनंदाताईंनी तुला विचारलंय. मी म्हणायची, त्या शिकलेल्या, त्यांना माझ्याकडून काय पाहिजे? तर म्हणायचे, तुझं काय मत आहे ते हवंय त्यांना. मग मी पोळ्या करता करता डोकं चालवायची. सकाळी सांगायची. मग ते इथे यायचे, घरी परतून म्हणायचे, तुझं बरोबर आलं.’

लिमयेबाई आतून येऊन उभ्या राहिल्या होत्या. खिडकीच्या आतल्या त्या माणसाने आम्हाला तिचं नाव सांगून स्वतःचे प्रश्न विचारले होते, आणि तिला माझं नाव सांगून तिला विचारलं होतं.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. ‘आयुष्यात मला दोनच प्रश्न विचारले गेले हो. चहा झाला का, आणि किल्ली कुठाय. म्हणून त्याचं बरं वाटायचं. पण आता मनात येतं...’ त्यांनी पदराचं टोक सोडलं. ‘माझं नेहमीच बरोबर यायचं. खरंच येत होतं का? का ते आपलं मला बरं वाटावं म्हणून?’

यासाठी त्या जिना उतरून आल्या होत्या. पुस्तक दुसऱ्या कुणाबरोबरही पाठवता आलं असतं.

मी विचारलं, ‘तुम्ही काय सांगितलं होतंत ते आठवतंय?’

‘सगळं आठवतंय. दुधाचं म्हटलं, साय धरते, खाली वाफ कोंडते, ती सायीला उचलते. पाण्याला कुठे साय?’

‘बरोबर.’

‘चंद्राचं म्हटलं, तो लांब आहे. लांबच्याला आपण चार पावलं चाललेलं कळत नाही.’

‘बरोबर, काकू. मी इतकं सोपं नव्हतं लिहिलं.’

‘अळवाचं म्हटलं, देवाने त्याला तुपाचा हात लावलाय.’

‘तूप नाही, मेण. आणि बारीक बारीक उंचवटे. पण बरोबर.’

‘आणि थंडीत वास येतो त्याचं... मी म्हटलं, थंडीत आपलं नाक जास्त चालतं.’

मी बाईंकडे पाहिलं. बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण फळ्याच्या बाबतीत येत नाही. मी म्हटलं, ‘काकू, हे चुकलं. हवेचं झाकण बसतं म्हणून वास येतो.’

‘चुकलं?’

‘साफ चुकलं.’

‘पण ते म्हणाले बरोबर आलं!’

‘ते खोटं बोलले.’

काकूंचा चेहरा आधी पडला आणि मग हळूहळू उजळला. ‘म्हणजे तुम्ही उगाच हो हो नाही करत आहात. म्हणजे बाकीची माझी खरंच बरोबर होती!’ असं म्हणून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

जाताना मी म्हटलं, ‘त्या शेवटच्या प्रश्नाचं काय सांगितलंत? पातेल्याच्या?’

‘नाहीच सांगितलं. म्हटलं, सकाळी चहाला पाणी ठेवीन तेव्हा ऐकून सांगते.’ त्यांनी कठडा धरला. ‘तुम्ही सांगू नका हं. ते माझ्याकडे आहे अजून.’

त्यानंतर वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे जायला लागले. जाताना एक प्रश्न घेऊन जायची. त्या पुढच्या खेपेला उत्तर द्यायच्या. चुकलं तर मी चुकलं म्हणायची, त्या भांडायच्या. ‘तुमच्या पुस्तकातच काहीतरी गडबड आहे.’ पातेल्याचं विचारलं की म्हणायच्या, ‘थांबा. नाही ठरलं अजून.’

मधल्या काळात बाई गेल्या. वाचनालयाची इमारत पाडली, नवी झाली. आता वाचनालय दुसऱ्या मजल्यावर आहे, एसी आहे. फाटकाच्या जागी गाड्यांचं पार्किंग. फळा सामान हलवताना कुठे गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. एक स्क्रीन आहे, त्यावर सभासदांचे वाढदिवस येतात. मी निवृत्त झाले. माझी भाची कुठलाही प्रश्न मनात आला की फोनला विचारते आणि वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर मिळतं. बरोबर असतं बहुतेक वेळा, मी तपासते. तक्रार काहीच नाही. फक्त मला ती कोरी उजवी बाजू आठवते. संध्याकाळी गल्लीतून जाताना घराघरांतून ऐकू यायचं, ‘अहो, तसं नाही, माझं ऐका...’ आमचं उत्तर यायच्या आधी अख्ख्या गल्लीची आपापली उत्तरं तयार झालेली असायची. ती एक रात्र आम्ही लोकांना देत होतो, हे देताना कळलं नव्हतं.

काकूंना गेल्या वर्षापासून ऐकू फार कमी येतं. यंत्र घेतलं, पण त्यात नुसती खरखर होते म्हणतात. मागच्या खेपेला गेले तर गॅससमोर उभ्या होत्या, पातेल्यावर वाकून.

‘गात नाही हो आता,’ त्या म्हणाल्या. ‘उशीर केला मी. आता कसं सांगणार?’

पातेलं तेव्हा चांगलं सूं करत होतं. मी सांडशी घेतली, पातेल्याच्या काठाला धरली आणि तिच्या दांड्यांवर काकूंचा हात ठेवला. काकूंनी डोळे मिटले. थरथर त्यांच्या मनगटापर्यंत येत असणार, कारण बांगड्या बारीक किणकिणत होत्या. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पाणी खळखळून उकळायला लागलं आणि बांगड्या थांबल्या.

‘खालून कुणीतरी वर यायला बघतंय,’ काकू डोळे न उघडता म्हणाल्या. ‘वरचं पाणी गार आहे. ते येऊ देत नाही, वाटेतच मिटवून टाकतं. त्याचाच आवाज. मग सगळंच तापलं की कोण कुणाला अडवणार? येतात सगळे वर.’

मी फळ्यावर वाफेचे बुडबुडे लिहिले होते. बाकी हेच.

मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हटलं, ‘काकू, बरोबर!’

त्यांनी डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

‘खरंच बरोबर, का त्यांच्यासारखं बरोबर?’

‘खरंच.’

त्यांनी गॅस बारीक केला. चहाची पूड टाकली. साखरेचा डबा उघडून तसाच हातात धरून उभ्या राहिल्या, आणि दाराकडे, जिथे चपला काढतात तिकडे, बघत म्हणाल्या, ‘मग आता जाऊन त्यांना सांगायला हवं होतं कुणीतरी.’